केस ‘कापले’ की ‘कापून घेतले’? इंग्रजीतल्या ‘हॅव’ आणि ‘गेट’ची ही गंमत समजून घ्या

पातूरच्या बसस्टँडकडून कुणी चकाचक होऊन येताना दिसला आणि विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, “कटिंग केली!” आता कटिंग त्याने केलेली नसते, सलूनवाल्याने केलेली असते. त्याने फक्त खुर्चीत बसून मान खाली घातलेली असते. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण मराठीत हे असंच बोललं जातं.

अडचण येते ती हेच वाक्य इंग्रजीत नेताना. “आय कट माय हेअर” म्हटलं, तर इंग्रजी ऐकणारा माणूस समजतो की या गड्याने आरशासमोर उभं राहून, स्वतःच्या हाताने कात्री चालवली. सलूनमध्ये जाऊन आला असेल तर वाक्य हवं “आय हॅड माय हेअर कट” किंवा “आय गॉट माय हेअर कट”. शब्द जवळपास तेच, फक्त एक शब्द वाढला आणि अर्थ बदलला. इंग्रजी व्याकरणात या रचनेला ‘पॅसिव्ह कॉझेटिव्ह’ म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी आहे.

मराठीत काय होतं?

आपण रोज काय काय बोलतो ते बघा. घर बांधलं. विहीर खोदली. बोअर मारला. दात काढला. डोळे तपासले. गाडीची सर्व्हिसिंग केली. पाच एकर सोयाबीन सोंगलं. यातली बहुतेक कामं बोलणाऱ्याने स्वतः केलेली नसतात. घर गवंड्याने बांधलं, दात डॉक्टरने काढला, सोयाबीन मजुरांनी गुत्त्याने सोंगलं. मराठीत ज्याचं काम, ज्याचा पैसा, ज्याचा निर्णय, तोच वाक्याचा कर्ता होऊन बसतो. हात कोणाचा होता हे संदर्भावरून समजून घ्यायचं.

याचा अर्थ मराठीकडे साधन नाही असा मुळीच नाही. शाळेत शिकलेलं ‘प्रयोजक क्रियापद’ आठवतं का? हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, शिकणे-शिकवणे, पडणे-पाडणे. क्रिया एक जण करतो आणि ती करायला लावणारा दुसरा असतो. आई बाळाला हसवते, हसतं मात्र बाळच. याच वाटेने ‘करून घेणे’, ‘करवून घेणे’, ‘करायला लावणे’ हे प्रयोगही येतात. “मी पंप दुरुस्त करून घेतला” हे अगदी नेटकं मराठी आहे. बोलताना मात्र आपण ‘घेतला’ गाळतो आणि “पंप दुरुस्त केला” म्हणून मोकळे होतो. मराठीत ही मुभा आहे, इंग्रजीत ती फार कमी आहे.

मराठीच्या एका प्रसिद्ध शिलालेखातच हे क्रियापद आहे!

कर्नाटकात श्रवणबेळगोळ इथे गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती आहे. गंग राजवटीचा मंत्री चामुंडराय याने ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी करवली. मूर्तीच्या पायाशी जे लेख कोरले आहेत, त्यात मराठीचाही आहे. अनेक वर्षं तोच मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून शिकवला गेला. पुढे रायगड जिल्ह्यातल्या अक्षी इथल्या शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ च्या लेखाला तो मान दिला जाऊ लागला.

श्रवणबेळगोळच्या या छोट्याशा लेखात क्रियापद आहे ‘करवियले’. चामुंडरायाने करवियले, आणि मूर्तीभोवतीचा प्राकार गंगराजाने करवियला, एवढंच तो सांगतो. ‘केले’ नाही, ‘करवियले’. म्हणजे छिन्नी चामुंडरायाच्या हातात नव्हती, हे कोरणाऱ्याने एका शब्दात सांगून ठेवलं. आजच्या इंग्रजीत हेच सांगायचं तर “चामुंडराय हॅड द स्टॅच्यू मेड”. इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडल्यावर परकी वाटणारी ही कल्पना मराठीच्या घरातलीच आहे.

सूत्र एकच, क्रम मात्र पक्का

हॅव किंवा गेट + वस्तू + क्रियापदाचं तिसरं रूप.

काळ बदलला की फक्त ‘हॅव’ किंवा ‘गेट’ बदलतं. तिसरं रूप जागचं हलत नाही. उदाहरणार्थ पंपाची दुरुस्ती घ्या.

• दर वर्षी करून घेतो: आय हॅव द पंप रिपेअर्ड एव्हरी इयर.
• काल करून घेतला: आय हॅड द पंप रिपेअर्ड यस्टरडे.
• सध्या करून घेतोय: आय अ‍ॅम हॅविंग द पंप रिपेअर्ड.
• उद्या करून घेईन: आय विल हॅव द पंप रिपेअर्ड टुमॉरो.
• करून घ्यायलाच हवा: आय मस्ट हॅव द पंप रिपेअर्ड.

प्रश्न आणि नकार करताना ‘डू’, ‘डिड’ची मदत घ्यावी लागते. “पंप दुरुस्त करून घेतला का?” म्हणजे “डिड यू हॅव द पंप रिपेअर्ड?” आणि “नाही घेतला” म्हणजे “आय डिडन्ट हॅव इट रिपेअर्ड”. इथे “हॅड यू द पंप रिपेअर्ड?” असं करू नका.

काम कोणी केलं हे सांगणं गरजेचं असेल तर शेवटी ‘बाय’ लावा: “आय हॅड द पंप रिपेअर्ड बाय अ मेकॅनिक”. पण हे बंधनकारक नाही. केस सलूनवालाच कापतो आणि दात डॉक्टरच काढतो, ते वेगळं सांगायची गरज नसते.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात

ही दोन वाक्यं सावकाश वाचा.

आय हॅड रिपेअर्ड द पंप.
आय हॅड द पंप रिपेअर्ड.

शब्द तेच, संख्या तीच. पहिल्याचा अर्थ आहे, “मी पंप आधीच दुरुस्त केला होता”, म्हणजे स्वतः. तिथे ‘हॅड’ फक्त काळ दाखवतो. दुसऱ्याचा अर्थ आहे, “मी पंप दुरुस्त करून घेतला”. पंप हा शब्द मध्ये सरकला आणि पाना दुसऱ्याच्या हातात गेला. म्हणून लक्षात ठेवा, वस्तू आधी, तिसरं रूप नंतर.

माणसाचं नाव मध्ये आलं तर रचना पुन्हा बदलते. “मी मेकॅनिककडून पंप दुरुस्त करवला” हे दोन प्रकारे सांगता येतं: “आय हॅड द मेकॅनिक रिपेअर द पंप” किंवा “आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर द पंप”. ‘हॅव’नंतर माणूस आला की क्रियापदाचं पहिलं रूप, ‘गेट’नंतर माणूस आला की पहिल्या रूपाआधी ‘टू’. वस्तू आली की दोन्हीकडे तिसरं रूप. पहिला प्रकार कर्तरी, दुसरा कर्मणी. ‘पॅसिव्ह’ हा शब्द या कर्मणी प्रकारासाठीच आहे: वस्तू स्वतः काही करत नाही, तिच्यावर काम केलं जातं.

‘हॅव’ वापरायचं की ‘गेट’?

बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात. बोलताना, मेसेज टाकताना ‘गेट’ जास्त ऐकू येतं. अर्ज, ईमेल, कार्यालयीन पत्र यांत ‘हॅव’ शोभतं. कुणाला काही करून घ्यायला सांगायचं असेल तर ‘गेट’ सहज येतं: “गेट युवर आइज टेस्टेड”, म्हणजे डोळे तपासून घे. खटपट करून एखादं काम मार्गी लावलं, ही छटाही ‘गेट’मध्ये असते. चार चकरा मारून दाखला मिळवला असेल तर “आय फायनली गॉट द सर्टिफिकेट कराव्या लागलेल्या दुरुस्तीसह” असं धेडगुजरी काही बोलण्यापेक्षा “आय फायनली गॉट द सर्टिफिकेट करेक्टेड” हे पुरेसं आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘गेट’ने कधी कधी स्वतः केलेलं कामही सांगतात. “आय गॉट माय होमवर्क डन” म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेतलं असं नव्हे, तर अभ्यास उरकला.

चोरीच्या तक्रारीत हीच रचना कशी?

“आय हॅड माय फोन स्टोलन.” सूत्राप्रमाणे अर्थ लावला तर “मी माझा फोन चोरून घेतला”! पण इंग्रजीत याचा अर्थ “माझा फोन चोरीला गेला” असाच आहे. आपल्या बाबतीत काही वाईट घडलं, ते घडावं अशी आपली इच्छा नव्हती, हे सांगायलाही हीच रचना चालते. वाऱ्याने छपराचे टिन उडून गेले तर “दे हॅड देअर रूफ ब्लोन ऑफ”. काम सांगून करवलेलं की नशिबाने ओढवलेलं, हे अर्थावरून कळतं. छप्पर कुणी मुद्दाम उडवून घेत नाही.

एवढा कीस कशासाठी?

कारण काही ठिकाणी हा फरक महागात पडू शकतो. समजा, कुणी इंग्रजी अर्जात लिहिलं, “आय चेंज्ड द इलेक्ट्रिसिटी मीटर”. वाचणाऱ्याला वाटेल, ग्राहकाने स्वतःच मीटर उघडून बदललं. प्रत्यक्षात रीतसर अर्ज करून ते बदलून घेतलेलं असेल तर वाक्य हवं “आय हॅड द मीटर चेंज्ड”. आणि वीज कंपनीने आपणहून बदललं असेल तर साधा कर्मणी प्रयोग: “द मीटर वॉज चेंज्ड”. एकाच घटनेची ही तीन वाक्यं आहेत आणि तिन्हींत जबाबदारी वेगळ्या माणसावर जाते. विम्याचा दावा, व्हिसाचा अर्ज, नोकरीची मुलाखत, सगळीकडे हेच. “आय डिझाइन्ड द वेबसाइट” म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न डिझाइनबद्दलच येणार. काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर “आय हॅड द वेबसाइट डिझाइन्ड” हेच खरं.

इंग्रजीतही थोडी सूट आहे बरं का. पातूरजवळच्या बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. ती जयसिंगांनी ‘बांधली’ असं मराठीत म्हणतात, तसं इंग्रजीतही ‘बिल्ट’ चालतं. राजाने चुना मळला नसणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आपण घर बांधलं हे सांगतानाही ‘बिल्ट’ खपून जातं. पण केस, दात, डोळे, गाडी, फोटो, मीटर यांच्या बाबतीत ही सूट मिळेलच असं धरून चालू नका.

आता तुमची पाळी

ही चार वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करून बघा, मग खाली बघा.

१. मी काल दात काढला.
२. आम्ही शेतात बोअर मारतोय.
३. तू पासपोर्टचा फोटो कुठे काढला?
४. तिने ब्लाउज शिवला नाही, शिवून घेतला.

उत्तरं:

१. आय हॅड अ टूथ टेकन आउट यस्टरडे.
२. वी आर हॅविंग अ बोअरवेल ड्रिल्ड इन अवर फील्ड.
३. व्हेअर डिड यू गेट युवर पासपोर्ट फोटो टेकन?
४. शी डिडन्ट स्टिच द ब्लाउज, शी हॅड इट स्टिच्ड.

चौथं वाक्य सगळ्यांत आधी जमलं असेल, कारण तिथे मराठीनेच ‘घेतला’ म्हणून रस्ता दाखवला होता. हाच मार्ग इतर वाक्यांना लावा. इंग्रजीत बोलण्याआधी मनातल्या मराठी वाक्यापुढे ‘करून घेतलं’ जोडून बघा. जुळलं तर ‘हॅव’ किंवा ‘गेट’ वापरा, नाही जुळलं तर काम तुमचंच आहे, बिनधास्त “आय डिड इट” म्हणा.