अंगणातला शिक्रा
(इयत्ता चौथी)

बालमित्रांनो, आपल्या गावात पुष्कळ घरी चिमण्यांसाठी दाणे ठेवतात. कोणी ज्वारीचं कणीस बांधतात, कोणी तांदळाची कणी टाकतात. आई सुपानं धान्य पाखडते तेव्हा तर चिमण्या, होले, साळुंक्या न बोलावताच येतात. आणि जिथे पाखरं जमतात तिथे त्यांना खाणाराही येतो. तो म्हणजे शिक्रा.

शिक्रा साधारण कबुतराएवढा असतो. मोठ्या शिक्र्याची पाठ राखाडी असते व छातीवर तांबूस आडव्या रेघा असतात. चोच वाकडी आणि नखं फार तीक्ष्ण असतात. मादी नरापेक्षा मोठी असते. लोक त्यालाच घार म्हणतात, पण घार पुष्कळ मोठी असते. तिच्या शेपटीला मधे खाच असते व ती आभाळात गोल गोल फिरते. शिक्रा मात्र कडुनिंबाच्या दाट पानात चुपचाप लपून बसतो. त्याचे पंख आखूड व शेपटी लांब असते, म्हणून त्याला फांद्यांमधून झपकन वळता येतं. पाखरं दाणे टिपण्यात गुंग झाली की तो एकदम झडप घालतो.

पण दरवेळी त्याला शिकार मिळत नाही. पाखरंही हुशार असतात. एक चिमणी ओरडली की साऱ्या भुर्रकन काट्यात शिरतात. खार चिक् चिक् करून ओरडते. कोतवाल तर शिक्र्याच्या मागे लागून त्याला हाकलून देतो.

शिक्रा कधी कोंबडीचं पिल्लूही नेतो. मग मोठी माणसं रागावतात आणि पोरं गुलेल घेऊन धावतात. पण शिक्रा उंदीर, सरडे, नाकतोडेसुद्धा खातो. उंदीर आणि नाकतोडे आपल्या पिकाची नासाडी करतात. म्हणजे तो शेतकऱ्याच्या कामाचा पक्षी आहे. उन्हाळ्यात झाडावर त्याची पिल्लं असतात. शिक्र्याला मारलं तर ती उपाशी मरतील. शिवाय पावशा पक्षी अगदी शिक्र्यासारखा दिसतो. तो बिचारा अळ्या आणि किडे खातो, पण दगड त्यालाही लागतो.

काही लोक म्हणतात, शिक्र्यामुळे चिमण्या कमी झाल्या. पण शिक्रा तर पूर्वीपासून आहे आणि चिमण्याही होत्या. आता कवेलूची घरं जाऊन सिमेंटची झाली. चिमणीला घरट्यासाठी सांद राहिली नाही. ती पिल्लांना किडे भरवते, आणि पिकावर औषध फवारलं की किडे मरतात. म्हणून शिक्र्याला दोष देऊ नये.

मग आपण काय करावं?

१) दाणे उघड्यावर टाकू नये. बोरीच्या किंवा मेंदीच्या झुडपाजवळ टाकावे, म्हणजे पाखरांना लवकर लपता येतं.
२) झुडूप फार दाटही नको, नाहीतर मांजर दबा धरून बसते.
३) शिक्रा रोजच येऊ लागला तर आठ दिवस दाणे टाकू नये. पाखरं दुसरीकडे जातात आणि तोही जातो.
४) कोंबडीची लहान पिल्लं टोपल्याखाली झाकावी.
५) गुलेल मारू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिक्र्याला मारणं गुन्हा आहे.

चिमणीला दाणा पाहिजे तसं शिक्र्यालाही पोट आहे. दोघंही आपल्या गावचीच पाखरं आहेत. आपण चिमणीला लपायला जागा द्यावी आणि शिक्र्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं.