वारा, ओहोटी आणि शर्यतीची मर्यादा

शिडाच्या नौकांच्या शर्यतीचा मार्ग कायमचा आखलेला नसतो. त्या दिवशीचा वारा पाहून शर्यत समिती पाण्यात बोये टाकते आणि वारा फिरला की तेच बोये पुन्हा हलवते. समितीची नांगरलेली नौका आणि एक बोया यांना जोडणारी काल्पनिक आरंभरेषा वाऱ्याशी काटकोनात असावी लागते. पहिला टप्पा वारा येतो त्या दिशेचा असतो आणि नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नसल्याने तिला नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. दोनशे मीटर लांबीच्या रेषेवर वारा अवघा १० अंश फिरला, तरी एका टोकाच्या नौकेला सुमारे ३५ मीटरची आघाडी फुकटात मिळते. अशा वेळी लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची पताका चढवून आरंभ पुढे ढकलणे हेच शहाणपणाचे, मग काठावरचे प्रेक्षक कितीही कंटाळोत.

वाऱ्यापेक्षा पाण्याचा प्रवाह अधिक फसवा. नांगरलेल्या नौकेवरील वेगमापक जमिनीच्या तुलनेत वारा मोजतो, पण शर्यतीतील नौका वाहत्या पाण्यावर असते. २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासमोर ३ नॉटची ओहोटी वाहत असेल, तर त्या पाण्यावरील नौकेला २३ नॉटचा वारा लागतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने शिडावरील जोर जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. शिवाय वाऱ्याविरुद्ध वाहणाऱ्या प्रवाहात लाटांची लांबी आखडून त्या उंच आणि उभ्या होतात. दुपारचा समुद्री वारा आणि ओहोटी समोरासमोर येतात तेव्हा मुंबई बंदरातही पाणी असेच खवळते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात हा प्रकार उन्हाळ्यात नित्याचा आहे. कॅलिफोर्नियाचे अंतर्गत खोरे तापले की प्रशांत महासागरावरील थंड हवा गोल्डन गेटच्या अरुंद मुखातून आत ओढली जाते, तर ओहोटी त्याच मुखातून बाहेर धावते. २०१३ची अमेरिका चषक स्पर्धा येथे ७२ फुटी जुळ्या सांगाड्यांच्या नौकांनी खेळली गेली. त्या वर्षी मे महिन्यात सरावादरम्यान एक नौका उलटून अँड्र्यू सिम्प्सन हे ऑलिंपिक विजेते नौकापटू मृत्युमुखी पडले, त्यानंतर वाऱ्याची कमाल मर्यादा ३३ नॉटवरून खाली आणण्यात आली. अंतिम लढतींसाठी ती २३ नॉट होती, पण ओहोटीच्या वेळी तीही आणखी उतरवली जाई. पाण्याचा हिशेब मर्यादेतच धरण्याची ही तरतूद त्या नियमावलीतील सर्वांत समंजस भाग म्हणावी लागेल.

वाऱ्याचा अभावही तितकाच अडचणीचा ठरतो. प्रवाहात लोळणाऱ्या नौकांची शर्यत कौशल्याऐवजी नशिबाची होऊ नये, म्हणून त्याच स्पर्धेत प्रत्येक फेरीला ४० मिनिटांची मुदत होती. चषकासाठी एकच विजय हवा असलेला न्यूझीलंडचा संघ २० सप्टेंबर रोजी १३व्या फेरीत मोठ्या आघाडीवर होता; पण वारा मंद पडून मुदत संपली आणि फेरी रद्द झाली. नियम आधीच ठरलेला असल्याने अधिकाऱ्यांना आघाडीकडे पाहून निर्णय घेण्याची मोकळीक नव्हती, आणि ती नसणेच योग्य होते. त्याच दिवशी वारा वाढल्यावर पुन्हा घेतलेली फेरी अमेरिकेच्या ओरॅकल संघाने जिंकली आणि २५ सप्टेंबरला ९-८ अशा फरकाने चषकही राखला.