सुई बारा व्होल्टची, प्लग दोनशे तीसचा

टॅटूच्या यंत्राला लागतात जेमतेम सहा ते बारा व्होल्ट. एवढ्यानं शॉक बसत नाही, हे कलाकारालाही ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकालाही. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या स्टुडिओंमध्ये सुई नवी आहे ना, शाई कुठली, हे लोक आवर्जून विचारतात. भिंतीतल्या सॉकेटकडे कोणी बघत नाही. तपासणीला आलेला जाणता वायरमन मात्र आधी तिकडेच वळतो.

कारण कातडीत आहे. कोरडी, धड कातडी विजेला चांगलीच अडवते. टॅटूची सुई एक-दोन मिलिमीटर आत शिरून शाई सोडते. तिथं रक्त, लस आणि वरून फवारलेलं साबणाचं पाणी. अडसर तिथं फारसा उरतच नाही. १ मिलिअँपिअरच्या आसपास माणसाला झिणझिण्या जाणवतात, १०च्या पुढेमागे धरलेली वस्तू सुटेनाशी होते. ३०च्या पुढचा प्रवाह छातीतून वाहत राहिला तर हृदयाचा ठेका बिघडण्याचा धोका असतो, म्हणून माणसाच्या रक्षणासाठी बसवायची, गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते.

भिंतीतल्या दोनशे तीस व्होल्टचे बारा करणारा अडॅप्टर उलटून बघितला की निम्मं कळतं. एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर इन्सुलेशन दुहेरी, अर्थिंगची गरज नाही. खूण नाही आणि पिना तीन, तर अर्थिंग हवंच. आणि नेमका अशाच ठिकाणी तिनाचे दोन करणारा स्वस्त कन्व्हर्टर खोचलेला सापडतो. तिसरी पिन लोंबकळत. मग अडॅप्टरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून गळणारा बारीकसा प्रवाह जमिनीत न जाता यंत्राच्या धातूच्या चौकटीवर येतो. कॉइलच्या यंत्रात ही चौकट मंडलाचाच भाग असते. कलाकाराच्या हातात रबरी मोजे, त्याला काही जाणवत नाही. चुणचुण होते ती गिऱ्हाइकाला, आणि ते ती सुईचीच समजतं!

सॉकेटचं अर्थिंग बघायला वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभराचा बल्ब लावतो. आरसीसीबी असेल तर ती ताडकन पडायला हवी. नसेल तर बल्ब भरपूर पेटला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय असं समजायचं. बल्ब पेटला म्हणून अर्थिंग उत्तम, असंही नाही. खरा आकडा अर्थ टेस्टरच देतो. नाशिकच्या मुरूम आणि काळ्या बेसॉल्टच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल खाली जाते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबावं, पण त्यानं फक्त ती पडते का एवढंच कळतं, अर्थिंगचं काहीच नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो अवजारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला. पाणी, वाफ आणि धातूचं भांडं, तिन्ही एकत्र. त्याच्या हीटरच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दमट हवेत ओल धरते, त्यामुळे पावसाळ्यात बंद पडून राहिलेलं यंत्र वरून ठणठणीत दिसलं तरी आतून गळतं. प्लग काढून, फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधून इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरचे ५०० व्होल्ट त्या पिना आणि अर्थची पिन यांच्यामध्ये द्यायचे. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर यंत्र बाजूला. ब्रिटनमध्ये अशा तपासणीनंतर प्रत्येक उपकरणावर तारखेची चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत आहे. ती इथंही उचलण्यासारखी आहे.

प्लगशिवायही टॅटू होतो. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं १८९१ साली टॅटू यंत्राचं पेटंट घेतलं, ते एडिसनच्या १८७६च्या विजेच्या लेखणीवर बेतलेलं. ती लेखणी बॅटरीवर चाले. आपल्या जत्रांमधली गोंदणाची यंत्रंही बॅटरीवर चालत आली. महावितरणच्या तारेशी त्यांचा संबंधच नव्हता, आणि या एका बाबतीत ती चकचकीत स्टुडिओपेक्षा सुरक्षित होती. आता आलेली बिनतारी यंत्रंही तशीच, फक्त चार्जिंगला लावून काम करायचं नाही.

२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात गोदाघाटावर आणि त्र्यंबकेश्वरी गोंदणारे बसतीलच. तात्पुरती जोडणी, ओली जमीन, ओलं अंग. गोंदवून घेणाऱ्यांनी सुई नवी आहे का हे विचाराच. यंत्र बॅटरीवर आहे की प्लगवर, हेही विचारा. प्लगवर असेल आणि आरसीसीबी कुठं आहे हे दाखवता येत नसेल, तर तिथून उठा.