साक्षरतेचा नकाशा वाचायला शिकूया : अकोला पुढे कसा आणि नंदुरबार मागे का?



भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी एक छोटा खेळ घेतो. फळ्यावर चार जिल्ह्यांची नावं लिहितो : कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि अकोला. मग विचारतो, "सांगा बघू, साक्षरतेत यांच्यात सगळ्यात पुढे कोण?" बहुतेक हात कोल्हापूरसाठी वर होतात. काही सांगलीसाठी. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं, "सर, तिकडे पाणी आहे, ऊस आहे, कारखाने आहेत." अकोल्याला एखादाच हात, तोही मामाचं गाव तिकडे असलं तर.

मग मी २०११ च्या जनगणनेचे आकडे लिहितो. कोल्हापूर ८१.५१ टक्के, सांगली ८१.४८, सोलापूर ७७.०२ आणि अकोला ८८.०५! वर्गात क्षणभर शांतता पसरते. "सर, विदर्भ तर मागास ना?" हा प्रश्न हमखास येतो. आजचा पाठ त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

साक्षर कोणाला म्हणायचं?

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. वय सात वर्षे किंवा त्याहून जास्त असलेली आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती म्हणजे साक्षर. शाळेत गेलंच पाहिजे, अशी अट नाही. पण नुसतं वाचता येतं आणि लिहिता येत नाही, तर तीही व्यक्ती साक्षर नाही.

आता दर कसा काढतात ते पाहू. समजा, एका गावाची लोकसंख्या १००० आहे. त्यात सात वर्षांखालची १२० मुलं आहेत. ती वजा केली की राहिले ८८०. त्यांपैकी ६६० जण साक्षर आहेत. मग ६६० भागिले ८८० गुणिले १००, म्हणजे ७५ टक्के. इतकंच.

या उदाहरणात एक गोष्ट लपलेली आहे, ती नीट लक्षात घ्या. त्या ८८० माणसांत आठ वर्षांची मुलगी आहे, तशीच ऐंशी वर्षांची आजीसुद्धा आहे. आजीच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, हे त्या आकड्यात आजही मोजलं जातं. म्हणून साक्षरतेचा दर ही आजच्या शाळेची गुणपत्रिका नव्हे. ती मागच्या साठ-सत्तर वर्षांची एकत्र गुणपत्रिका आहे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा पाठ यावर उभा आहे.

महाराष्ट्राचा आकडा आणि त्याच्या पोटातले आकडे

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे वेळेवर होऊ शकली नाही. त्यामुळे जिल्ह्यांची तुलना करताना आजही २०११ चेच आकडे घ्यावे लागतात.

- भारत : सुमारे ७३ टक्के
- महाराष्ट्र : ८२.३४ टक्के (पुरुष ८८.३८, स्त्रिया ७५.८७)
- मुंबई उपनगर : ८९.९१
- नागपूर : ८८.३९
- अमरावती : ८७.३८
- गडचिरोली : ७४.३६
- परभणी : ७३.३४
- धुळे : ७२.८०
- जालना : ७१.५२
- नंदुरबार : ६४.३८

सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या जिल्ह्यात २५ टक्क्यांहून जास्त अंतर आहे. एकाच राज्यात, एकाच अभ्यासक्रमाखाली!

सरासरी किती फसवी असते तेही बघा. नंदुरबारमध्ये पुरुषांची साक्षरता सुमारे ७२ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ५६ टक्के, म्हणजे अंतर १६ चं. जालन्याचा एकूण दर नंदुरबारपेक्षा बराच चांगला आहे. पण तिथे पुरुष सुमारे ८१ आणि स्त्रिया सुमारे ६१, म्हणजे अंतर २० चं. एकूण आकड्यात जालना पुढे, पण मुलगा आणि मुलगी यांच्यातली दरी जालन्यात जास्त. एकच आकडा पाहून निकाल देऊ नये, तो यासाठीच.

एवढा फरक का पडला?

*१. शाळा कधी आली, कोणत्या भाषेत आली*

वऱ्हाड म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम हा भाग १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. कापसाचा व्यापार वाढला, रेल्वे आली, बाजारपेठेची गावं वाढली आणि हिशेब-पत्रव्यवहाराला लिहिणारी माणसं लागू लागली. मराठी शाळा तुलनेनं लवकर पसरल्या. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेमार्फत शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत शाळा नेल्या. विदर्भात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचंही मोठं बळ होतं. शिक्षण हाच माणूसपणाचा रस्ता आहे, हे ज्या घरांनी मनावर घेतलं, तिथे मुलं शाळेत गेलीच. २०११ मध्ये देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के असताना बौद्ध समाजाची ८१ टक्क्यांहून अधिक होती, आणि या समाजाची तीन चतुर्थांशहून जास्त लोकसंख्या महाराष्ट्रात आहे.

आता शेजारी मराठवाड्यात या. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला पुढे शिकायचं तर आधी परकी लिपी शिकावी लागे. शाळाही थोड्याच. म्हणजे वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यात सुरुवातीलाच काही पिढ्यांचं अंतर पडलं. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्याला एवढं महत्त्व का, हे यावरून कळेल.

*२. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा*

नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. घरात भिली, पावरी, मावची अशा बोली. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा शाळेत येतं आणि बाई जे बोलतात त्यातलं त्याला अर्धंही समजत नाही. ते गप्प बसतं. आपण म्हणतो, "मूल मागे आहे." खरं तर मूल दोन भाषा एकाच वेळी शिकत असतं.

*३. स्थलांतर*

दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघं फडात. या जोडीला 'कोयता'च म्हणतात. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नंदुरबारमधली कुटुंबं गुजरातेत जातात. वीटभट्टीचंही तसंच. मुलाचं नाव पटावर असतं, पण शाळेचं निम्मं वर्ष कोपीवर जातं.

*४. धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी*

आई कामाला गेली की धाकट्याला कोण सांभाळणार? पाणी कोण भरणार? या प्रश्नांचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं : मोठी मुलगी. वर दिलेलं १६ आणि २० चं अंतर पिढ्यानपिढ्या अशाच घरांतून तयार झालेलं आहे.

मग प्रयत्न काय झाले?

प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांतले काही मुद्दाम निवडले आहेत.

सातारा, १९५९ : ग्रामशिक्षण मोहीम. प्रौढांना साक्षर करायची ही मोहीम सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि नंतर राज्यभर गेली. हिचं वैशिष्ट्य असं की साक्षर करायचं लक्ष्य माणसामाणसाचं नसून अख्ख्या गावाचं असे. गावातले शिक्षक, शिकलेली पोरं सगळी कामाला लागत आणि काम पूर्ण झालं की गावाचा ग्रामगौरव समारंभ होई. मात्र अशा मोहिमांनंतर एक अडचण कायम राहते. शिकलेली अक्षरं वापरली नाहीत तर विसरतात. घरात वाचायला कागद नाही, तर अक्षर टिकणार कसं?

कोसबाड : कुरणशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच कुरणावर न्यायची! मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही ना? मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी भरवायची, तिने भावाला घेऊनच यावं. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. मूल का येत नाही, हे आधी विचारलं आणि मग शाळेची रचना केली.

एर्नाकुलम, १९९० : संपूर्ण साक्षरता. हे उदाहरण केरळमधलं आहे, पण त्याचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचला. ४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम हा देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला. हजारो स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन शिकवलं. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९९१ ला, केरळ राज्य संपूर्ण साक्षर जाहीर झालं. हाच नमुना घेऊन देशभर जिल्हावार साक्षरता अभियानं सुरू झाली.

साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्याजवळ भरणारी ती साखरशाळा. आई-बाप गेले तरी मुलाला गावातच ठेवून जेवणाची सोय करायची, ते हंगामी वसतिगृह. दुसऱ्या मार्गाने मूल आपल्याच शाळेत राहतं. पण त्यासाठी आजी-आजोबा धडधाकट हवेत आणि निधी वेळेवर यायला हवा.

फांगणे : आजीबाईंची शाळा. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात ८ मार्च २०१६ ला सुरू झालेली ही शाळा तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या शाळेत येतात.

उल्लास : नवभारत साक्षरता कार्यक्रम. २०२२ ते २०२७ या काळासाठीचा हा कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी वाचन, लेखन व संख्याज्ञानाची चाचणी होते. याच कार्यक्रमाखाली ३० मे २०२५ रोजी आपला शेजारी गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. इथे 'पूर्ण' म्हणजे शंभर टक्के नव्हे, ९५ टक्क्यांचा निकष आहे, हेही माहीत असू द्या.

सर्वेक्षणातली एक गोष्ट

निरक्षरांची नोंद करायला मी वस्तीवर गेलो होतो. एका घरी साठीच्या मावशी होत्या. विचारलं, "मावशी, लिहिता-वाचता येतं का?" त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "येतंय की! सही करते मी. अंगठा नाही लावत." आणि खरंच, त्यांनी माझ्या कागदावर ठसठशीत सही केली. मी सहज विचारलं, "या कागदावर वर काय लिहिलंय?" त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते काय ठाऊक नाही बाबा. नात असली की सांगते."

कागदावर काय लिहिलंय ते माहीत नाही, पण खाली सही आपली! बँकेचा फॉर्म असो, जमिनीचा कागद असो की मुकादमाची उचल, धोका कुठे आहे ते कळलं का? अंगठा लावणारा माणूस निदान दुसऱ्याला वाचून दाखवायला सांगतो. सही करणाऱ्याकडून तर कोणी विचारायचीही अपेक्षा करत नाही. म्हणून व्याख्येतला 'समजून' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे.

त्या दिवशी माझी दोन उत्तरं पक्की झाली. पहिलं, 'मागास जिल्हा' हा शिक्का वापरायचा नाही. नंदुरबारचा दर कमी आहे तो तिथल्या मुलांची बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर त्यांच्या दारी शाळा उशिरा आणि परक्या भाषेत आली म्हणून. दुसरं, जे प्रयत्न कारणापर्यंत गेले त्यांतून शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. गुरं राखणाऱ्या मुलापर्यंत कुरणशाळा गेली, ऊसतोडीच्या मुलापर्यंत साखरशाळा गेली, आजीपर्यंत आजीबाईंची शाळा गेली. नुसता फलक लावून 'साक्षरता वर्ग' उघडला की खुर्च्या रिकाम्याच राहतात.

कृती करून बघा

१. तुमच्या गल्लीतल्या दहा घरांत सात वर्षांवरची माणसं किती, त्यांपैकी साक्षर किती, ते विचारा आणि दर काढा. स्त्रिया आणि पुरुष यांचा वेगळा काढा.

२. तुमच्या आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी जवळची शाळा किती लांब होती? ती कोणत्या भाषेत होती? दहा ओळी लिहा.

३. एका जिल्ह्याचा एकूण दर दुसऱ्यापेक्षा जास्त आहे, पण स्त्री-पुरुष अंतरही जास्त आहे. दोघांपैकी कोण पुढे? तुमचं मत कारणांसह मांडा.

४. घरात कोणाला वाचता येत नसेल तर रोज पंधरा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. सुरुवात सहीपासून करू नका. एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी, रेशन कार्ड, यांच्यापासून करा. जे रोज लागतं, ते विसरत नाही.

त्या मावशींच्या नातीलाही मी हेच सांगून आलोय.