नर्सिंगला जायचंय? मग गणिताशी कट्टी नको

दहावीचा निकाल लागला की घरोघरी ‘ग्रुप कोणता?’ सुरू होतं. इंजिनिअरिंगसाठी मॅथ्स, मेडिकलसाठी बायोलॉजी आणि काहीच ठरत नसेल तर दोन्ही, असा सरळ हिशेब. या चर्चेत नर्सिंगचं नाव निघतं ते बहुधा दोन वर्षांनी, नीटचा स्कोअर हातात पडल्यावर. पण ज्यांना मुळातच नर्सिंगची ओढ आहे, त्यांनी अकरावीला विषय निवडतानाच वॉर्डातलं काम डोळ्यांसमोर आणावं.

आधी कागदावरच्या अटी

बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांनुसार त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र सीईटी होते. तिच्यात हे चार विषय असतात, शिवाय नर्सिंग ॲप्टिट्यूड. बायफोकल कॉम्प्युटर सायन्सच्या मोहात बायोलॉजी सोडली, तर पदवीचा हा सरळ रस्ता तिथेच बंद होतो.

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स. या दोन्हींना कला किंवा वाणिज्य शाखेची बारावीही चालते. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे आर्ट्सच्या मुलीलाही पदवी मिळते, फक्त वळसा पडतो.

या सगळ्या अटींत मॅथ्स कुठेच नाही. त्यामुळे पीसीबी घेतलेली मुलं गणिताला आनंदाने रामराम ठोकतात. वॉर्डात मात्र ते रोज समोर येतं.

थेंबांचा हिशेब

समजा, केसपेपरवर लिहिलंय : ५०० मिली सलाइन चार तासांत. सलाइनच्या सेटवर छापलेलं असतं, २० थेंबांचा एक मिली. म्हणजे १०,००० थेंब २४० मिनिटांत जायला हवेत. मिनिटाला साधारण ४२. सिस्टर घड्याळाकडे बघत थेंब मोजते आणि नळीवरचं चाक फिरवून वेग जुळवते. किंवा जेंटामायसिनचं इंजेक्शन घ्या. दोन मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये ८० मिलिग्रॅम औषध असतं. डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम सांगितलं, तर सिरिंजमध्ये दीड मिली घ्यायचं. लहान मुलांचा डोस तर वजनावर, किलोमागे काढायचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो.

यात ना कॅल्क्युलस आहे, ना त्रिकोणमिती. गुणोत्तर, प्रमाण, टक्केवारी, एककांचं रूपांतर, सगळं शाळेतलंच. पण ते रात्रपाळीत, नातेवाइकांच्या गराड्यातही बिनचूक यावं लागतं.

बाकीचे विषय कुठे लागतात?

केमिस्ट्रीतला द्रावणांचा धडा अनेकजण न्यूमेरिकल्सपुरताच करतात. नॉर्मल सलाइन म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, ०.९ टक्के. हे प्रमाण रक्तपेशींना मानवतं. त्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर मोठ्या प्रमाणात शिरेत गेलं, तर लाल पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. परासरण दाब ज्याला समजला, त्याला वेगवेगळ्या सलाइनच्या बाटल्यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

फिजिक्समधला द्रवांचा दाब कळला, की सलाइनची बाटली स्टँडवर उंच का टांगतात आणि ब्लड प्रेशर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे उलगडतं. बायोलॉजीत अकरावीचे पोषण, उत्सर्जन आणि सांगाडा, बारावीचे श्वसन व रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय हे धडे मन लावून करावेत. पहिल्याच सेमिस्टरला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी असते आणि तिथे शिक्षक पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करत नाहीत. जिथे प्रॅक्टिकल म्हणजे नुसती जर्नल उतरवणं, असं कॉलेज टाळावं. मापन आणि नोंदी यांची सवय तिथे लागतच नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीला बिचकू नये, पण पुढे ढकलूही नये. अभ्यासाची पुस्तकं, केसपेपर, ड्यूटी बदलताना द्यायचा रिपोर्ट, सगळं इंग्रजीत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. वाचण्यात गफलत झाली की थेट औषधात चूक.

मग घ्यायचं काय?

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी ठरलेलेच. चौथा विषय म्हणून मॅथ्स झेपत असेल तर जरूर घ्या. त्यापायी पीसीबीचे मार्क घसरणार असतील, तर भूगोल किंवा आयटी घेण्यात काही कमीपणा नाही. मात्र तेव्हा सातवी-आठवीची गणिताची पुस्तकं रद्दीत घालू नका. रोज पाच उदाहरणं, तीही कॅल्क्युलेटरशिवाय, एवढा नेम दोन वर्षं पाळला तरी नर्सिंगला लागणारं गणित पक्कं होतं.