एकच गाडी, दोन कामे

नागपूरच्या इतवारीतील किराणा ओळीतून सकाळी अकराच्या सुमारास चारचाकी बाहेर काढणे हे कोणत्याही चालकाच्या धैर्याची परीक्षा पाहणारे काम आहे. एका अंगाने हातगाडी, दुसऱ्या अंगाने पाठीवर पोते घेतलेला हमाल, मध्येच उभी केलेली दुचाकी आणि दुकानाच्या पायरीवर उतरलेला माल. या ओळी आखल्या गेल्या तेव्हा माल बैलगाडीने येई. आज तोच माल पिकअपने येतो, ओळी मात्र रुंद झालेल्या नाहीत. गाडी घ्यावयाची ती किती मोठी, या प्रश्नाची सुरुवात म्हणूनच इंजिनाच्या ताकदीपासून न करता दुकानासमोरच्या रस्त्यापासून करणे बरे.

घर वर्धमाननगरात, दुकान इतवारीत आणि गोदाम कळमन्याच्या बाजूला, अशी वाटणी असलेली व्यापारी कुटुंबे नागपुरात शोधावी लागत नाहीत. आजवर माल भाड्याच्या टेंपोने आला आणि माणसे स्कूटरवरून गेली. पुढची पिढी व्यवसायात उतरते, तेव्हा स्वतःची मालगाडी घेण्याचा विचार सुरू होतो आणि घरात दोन पक्ष पडतात. वडिलांना छोटी गाडी पुरेशी वाटते. मुलाला मोठी पिकअप हवी असते, कारण एकदाच पैसा घालायचा तर तो पुढच्या दहा वर्षांचा विचार करून घालावा, असे त्याचे म्हणणे. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. अडचण अशी की दोघांनाही त्याच गाडीतून रोज दुकानात जायचे असते, आणि एखाद्या रविवारी घरच्या मंडळींना रामटेकलाही न्यायचे असते.

छोट्या गाडीचा इतिहास फार जुना नाही. टाटा मोटर्सने २००५ साली ‘एस’ ही गाडी बाजारात आणली. तोवर तीनचाकी टेंपो आणि ट्रक यांच्यामध्ये छोट्या व्यापाऱ्याला परवडेल असे चारचाकी वाहन जवळजवळ नव्हतेच. दोन सिलिंडरांचे ७०२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, पाऊण टन भार, ३.८ मीटर लांबी आणि दीड मीटर रुंदी, एवढाच तिचा ऐवज. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले आणि ते नाव कंपनीने दिलेल्या नावापेक्षा अधिक चालले. इतवारीसारख्या बाजारपेठेत तिचे यश रुंदीत आहे. जेथे मोठी पिकअप नाक्यावर उभी करून माल हातगाडीने आत न्यावा लागतो, तेथे ही गाडी थेट दुकानाच्या दाराशी लागते. हमालीचा एक टप्पा वाचतो, आणि हा टप्पा दररोजचा असतो.

मोठ्या पिकअपचा हिशेब निराळा. महिंद्राची बोलेरो पिकअप १.७ टन भाराच्या प्रकारात मिळते. तिच्याखालच्या सव्वा टनाच्या वर्गात अशोक लेलँडची ‘दोस्त’ २०११ मध्ये आली. पन्नास किलोंच्या पोत्यांत बोलायचे तर छोटा हाथी पंधरा पोती वाहतो आणि १.७ टनांची पिकअप चौतीस. रोज बारा-चौदा पोत्यांचीच उलाढाल असलेल्या दुकानाने मोठी गाडी घेतली, तर ती वर्षभर अर्धी रिकामी धावेल आणि डिझेल, टायर, विमा यांचा खर्च मात्र पूर्ण गाडीचा होईल. कधी तरी तीस पोती आणावी लागतात, हे खरे. पण कळमना ते इतवारी हे अंतर थोड्या किलोमीटरांचे आहे. दुसरी खेप अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

हेच कुटुंब संत्र्याच्या व्यापारात असेल, तर उत्तर उलटते. काटोल नागपूरपासून साठएक किलोमीटरवर. नरखेड, वरूड त्याहून पुढे. बावीस किलोंचे एक कॅरेट धरले तर पाऊण टनात चौतीस कॅरेट बसतात, १.७ टनांत सत्त्याहत्तर. बागेतून सत्तर कॅरेट उचलायचे असतील तर छोट्या गाडीला तीन खेपा, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक, मोठीला एकच. शिवाय ताजे फळ दुसऱ्या खेपेची वाट पाहत उन्हात पडून राहणे व्यापाऱ्याला परवडत नाही. गाडीचा आकार ठरवताना बहुतेक घरांत फक्त वजनाचा विचार होतो. खरे तर वजनाला अंतराने गुणले पाहिजे.

आणि मग भरणीचा मोह. पाऊण टनाच्या गाडीवर सव्वा टन घालणे हा आपल्याकडे चातुर्याचा भाग समजला जातो. कमानपाटे बसतात, टायर फुटतात, उतारावर ब्रेक पुरे पडत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद झाली आहे. ज्या घराला आठवड्यातून चार दिवस एक टन माल आणायचा आहे, त्याने पाऊण टनाची गाडी घेऊन काटकसर केली असे म्हणता येत नाही.

आता माणसांचा प्रश्न. छोटा हाथी असो वा साधी पिकअप, पुढे चालक आणि त्याच्याशेजारी एक-दोघे, एवढीच जागा. वडील आणि मुलगा दुकानात जातील. परंतु घरात लग्न निघाले, यात्रा निघाली, की मागच्या हौद्यात सतरंजी अंथरली जाते आणि दहा-बारा माणसे बसतात. वर ताडपत्री, कडेला मुले. विदर्भात हे दृश्य इतके सवयीचे आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वळणावर हौद्यातील माणसाला धरायला काही नसते. पट्टा नाही, आसन नाही, आणि गाडी कलंडली तर सर्वांत आधी बाहेर फेकली जातात ती कडेला बसलेली मुले.

यात कायद्याची बाजूही आहे, आणि ती बहुतेक कुटुंबांना अपघातानंतरच कळते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले की मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या माणसांची भरपाई देण्याचे वैधानिक दायित्व विमा कंपनीवर नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षणाच्या कक्षेत आणले, पाहुण्यांना नाही. म्हणजे हौद्यातील आत्याबाईंना, भाच्याला काही झाले, तर भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर, अर्थात त्याच कुटुंबावर, येऊ शकतो. दुकान, गोदाम आणि घर उभे करायला दोन पिढ्या लागलेल्या असतात. ‘एवढ्याशा अंतराला काय होते’ हे वाक्य त्या सगळ्याला पणाला लावते. गाडी कोणतीही घ्या, हौद्यात माणसे बसवायची नाहीत हे घरात आधी ठरले, तर निवड बरीच सोपी होते. कारण मग ‘एकाच गाडीत सगळे’ ही अट आपोआप तपासली जाते.

या अटीला बाजारात उत्तरे आहेत. बोलेरो कॅम्परसारख्या गाडीत पुढे-मागे मिळून पाच माणसांची आसने आणि मागे सुमारे टनभर मालाचा हौदा असतो. दिसायला ती फार देखणी नाही, पण मध्यम व्यापाराच्या घराला ती बऱ्याचदा सर्वांत जवळची पडते. घेण्यापूर्वी नोंदणीपुस्तकात किती आसने लिहिली आहेत आणि विमापत्रात कोणाकोणाला संरक्षण आहे, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

त्याहून वरची पायरी म्हणजे तरुणांच्या मनातली गाडी. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ पासून आणि टोयोटाची हायलक्स २०२२ पासून भारतात मिळते. चार दारे, वातानुकूलित केबिन, चारही चाकांना गती. हायलक्सची लांबी ५.३ मीटरांहून अधिक, आणि बाजारात आली तेव्हा तिची किंमत जवळपास ३४ लाखांपासून सुरू होत होती. या गाड्या उत्तम आहेत, त्याविषयी वाद नाही. मात्र ‘एवढी मोठी गाडी, म्हणजे माल भरपूर नेईल’ हा समज तपासावा. केबिन, साजसज्जा आणि चारचाकी गती यांचे वजन गाडी स्वतःच वाहते. त्यामुळे अशा काही मॉडेलांचा कागदोपत्री भार छोट्या हाथीपेक्षाही कमी भरतो. चौपट-पाचपट पैसे मोजून पोती कमी, असा हा व्यवहार. शेतघराच्या कच्च्या वाटेवर जाण्यासाठी, लांबच्या प्रवासासाठी ती जरूर घ्यावी. मालवाहतुकीच्या नावाखाली घेऊ नये.

हा समज मुख्यतः परदेशातून येतो. टेक्सास किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेला भाचा सुटीत येतो आणि तिकडच्या पिकअपची वर्णने करतो. तिकडे प्रश्न असतो टोयोटा टॅकोमासारखी मध्यम पिकअप घ्यावी की फोर्ड एफ-१५० सारखी पूर्ण आकाराची. पहिली सुमारे ५.४ मीटर लांब, दुसरी चार दारांची असेल तर ५.९ मीटर आणि रुंदीला दोन मीटरांवर. तिकडचा मध्यम आकार इतवारीत महाकाय ठरतो, ही गंमत सोडून देऊ. तिकडे या गाड्यांच्या मागे होडी, घोड्यांची गाडी किंवा फिरते घर जोडून ओढतात आणि सोमवारी त्याच गाडीने कचेरीत जातात. ओढण्याची कमाल क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, आणि फसगत तेथेच होते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर, म्हणजे गाडीच्याच पाठीवर येतो. अडीच टनांचा ट्रेलर जोडला की अडीचशे ते पावणेचारशे किलो तेथेच खर्ची पडले. आत पाच माणसे बसली की आणखी साडेतीनशे. मध्यम पिकअपचा स्वतःचा भार एवढ्यातच संपतो, जरी ओढण्याच्या आकड्यात ती अजून बसत असली तरी. म्हणून तिकडचे जाणते लोक ‘किती ओढेल’ याआधी ‘किती पेलेल’ हे विचारतात, आणि वर्षातून दोनदाच ट्रेलर लावणार असतील तर तेवढ्यापुरती मोठी गाडी भाड्याने घेतात.

आपल्याकडे ट्रेलर ओढण्याचे काम ट्रॅक्टरकडे आहे. कापसाची, तुरीची, सोयाबीनची ट्रॉली ट्रॅक्टरमागे येते. पिकअपमागे ट्रॉली लावण्याचा विचार कोणी करीत असेल, तर ट्रेलरची नोंदणी कायद्याने स्वतंत्र करावी लागते, आणि परदेशी मॉडेलाच्या माहितीपत्रकातील आकडे भारतीय गाडीला लागू होतात असे समजता येत नाही. ऑस्ट्रेलियात हायलक्स साडेतीन टनांचा ब्रेक असलेला ट्रेलर ओढते. येथे ते वाक्य दाखवून परिवहन कार्यालयात काही मिळत नाही.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, तरी पैशाचा आहे. एकूण वजन तीन टनांपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याच्या कलम ६६ नुसार परवाना लागत नाही. छोटा हाथी त्यात सहज बसतो, १.७ टन भाराची पिकअप स्वतःचे वजन धरून तीन टनांच्या पलीकडे जाते, म्हणजे तिला परवाना आला. चालकाच्या अनुज्ञप्तीविषयीचा जुना घोळ मात्र मिटला आहे : हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. पिवळ्या पाटीच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते, हे रोज तीच गाडी वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे. त्या दिवशी दुकानात रिक्षाने जावे लागेल.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत मालवाहू गाडीला एक मोठी सोय आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला व्यवसायासाठी घेतलेल्या मालगाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. प्रवासी मोटारीवर ती सामान्यतः मिळत नाही; आपसमेळ योजनेतील दुकानदारालाही नाही. खासगी पाटीवर नोंदलेल्या चार दारांच्या पिकअपबाबत विक्रेत्याच्या शब्दावर न राहता आपल्या सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्यावा.

एक गोष्ट तक्त्यात येत नाही, ती म्हणजे नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळिसावर गेला की साध्या पिकअपच्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायाशी येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्या त्या नियमाबाहेर आहेत. पासष्टीच्या वडिलांनी दुपारी दोन वाजता गोदामावरून परतायचे असेल, तर वातानुकूलनासाठी जादा पैसे मोजणे ही चैन नव्हे. काही घरांनी यावर साधा मार्ग काढलेला दिसतो : मालासाठी छोटा हाथी, तोही चालवायला घरचाच माणूस, आणि माणसांसाठी जुनी पण चांगल्या अवस्थेतील छोटी मोटार. दोन्ही मिळून खर्च एका चार दारांच्या मोठ्या पिकअपच्या निम्म्याच्याही आत राहू शकतो. केवळ शहरातल्या शहरात फिरायचे असेल तर विजेवरची एस २०२२ पासून उपलब्ध आहे. तिच्या पहिल्या प्रकारात भार सहाशे किलो आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. रात्री गोदामात जोडून ठेवण्याची सोय असेल तर इतवारी-कळमना फेऱ्यांना एवढे पुष्कळ झाले.

अखेरचा निर्णय करण्याआधी दोन आठवडे दुकानाच्या वहीत एक रकाना वाढवावा : आज किती पोती आली, किती अंतरावरून आली, गाडीत किती माणसे बसली. नंतर ज्या आकाराची गाडी मनात आहे ती एक दिवस भाड्याने घेऊन, भर बाजाराच्या वेळी, दुकानापर्यंत आणावी आणि तेथेच वळवून पाहावी. हौद्याचा फळा जमिनीपासून किती उंच आहे, हे मात्र हमालांना विचारावे. पोते त्यांनाच चढवायचे आहे.