तिकिटाच्या भांडणात मतं फुटतात का? अकोट राहिलं, अकोला पश्चिम गेलं, असं का झालं?

26 ऑक्टोबर 2024. विधानसभेसाठी भाजपची 22 नावांची दुसरी यादी आली. त्यात अकोला जिल्ह्यातले दोन मतदारसंघ होते. अकोटमधून प्रकाश भारसाकळे आणि अकोला पश्चिममधून विजय अग्रवाल. दोन्हीकडे इच्छुकांची रांग होती आणि दोन्हीकडे यादी आल्यावर नाराजी झाली.

बरोबर चार आठवड्यांनी निकाल लागला. भारसाकळे 18,851 मतांनी निवडून आले. अग्रवाल 1,283 मतांनी पडले.

पक्ष तोच, जिल्हा तोच, यादी तीच. राज्यात भाजपच्या 132 जागा आल्या. मग एका ठिकाणी भांडण पचलं आणि दुसऱ्या ठिकाणी महागात का पडलं?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्रायमरीत ठरतो. म्हणजे मुख्य निवडणुकीआधी पक्षातल्या पक्षात मतदान होतं आणि सामान्य मतदारही त्यात मत टाकतो. आपल्याकडे प्रायमरी नाही, एबी फॉर्म आहे. निरीक्षक येतात, सर्व्हे होतात, मुंबई-दिल्लीच्या चकरा होतात आणि शेवटी कुणाच्या तरी हातात फॉर्म पडतो. भांडण मात्र तेच असतं. पक्षाला मत देणारे वेगवेगळे समाज आणि वेगवेगळे गट एका चिन्हाखाली आलेले असतात. त्यातल्या कुणाचा माणूस उभा राहणार, यावरून ते एकमेकांकडे बघायला लागतात.

अकोला पश्चिममध्ये काय झालं?

हा मतदारसंघ म्हणजे गोवर्धन शर्मा, लोकांचे 'लालाजी'. 1995 पासून सलग सहा वेळा आमदार. अशा माणसाचा फायदा असा की त्याच्या हयातीत तिकिटाचा प्रश्नच उभा राहत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांचं निधन झालं आणि इतकी वर्षं न झालेलं भांडण एकदम समोर आलं.

तिकीट माजी महापौर विजय अग्रवाल यांना मिळालं. भाजपचेच माजी नगरसेवक हरीश अलीमचंदानी अपक्ष उभे राहिले. डॉ. अशोक ओळंबे भाजपमधून बाहेर पडून प्रहारकडून लढले. ओळंबेंना दोन हजारांच्या आसपास मतं पडली. अलीमचंदानींनी घेतली 21,481.

काँग्रेसचे साजिद खान पठाण 1,283 मतांनी जिंकले. म्हणजे अलीमचंदानींच्या दर सोळा मतदारांपैकी एक जण जरी कमळाकडे वळला असता, तरी निकाल फिरला असता.

पण ही सगळी मतं भाजपचीच होती, असं मानणं चूक ठरेल. वंचितच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि त्या पक्षाने अलीमचंदानींना पाठिंबा दिला, त्यामुळे त्यांच्या खात्यात दुसरीकडची मतंही आली असणार. शिवाय 2019 मध्ये खुद्द लालाजीही अडीच हजारांच्या आसपास मतांनीच निवडून आले होते आणि तेव्हाही समोर साजिद खानच होते. घर आधीच काठावर होतं. बंडखोरीने फक्त शेवटचा धक्का दिला.

बंडखोरी काँग्रेसच्या बाजूनेही झाली होती, हे विसरलं जातं. ठाकरेंच्या शिवसेनेचे राजेश मिश्रा अपक्ष उभे होते. त्यांच्याकडे मतं वळली नाहीत. भाजपविरोधी मतदाराला जिंकणारा कोण हे दिसत होतं आणि तो त्याच्यामागे गेला.

मग अकोटमध्ये भांडण नव्हतं का?

होतं, आणि जुनं होतं. अकोट आणि तेल्हारा या दोन तालुक्यांचा हा मतदारसंघ. भारसाकळे मूळचे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरचे. तिथे ते शिवसेनेचे आमदार होते. पुढे नारायण राणेंसोबत काँग्रेसमध्ये गेले आणि 2014 मध्ये भाजपच्या चिन्हावर अकोटमधून निवडून आले. त्यामुळे 'पार्सल नको, इथला माणूस द्या' ही मागणी तेल्हाऱ्याच्या चौकापासून अकोटच्या बाजारापर्यंत दर निवडणुकीला ऐकू येते.

2019 मध्ये ही नाराजी आकड्यांत दिसली. भारसाकळेंना 48,586 मतं पडली, वंचितचे संतोष रहाटे 41,326 वर होते आणि एका अपक्षाने पंचवीस हजारांहून जास्त मतं नेली. 7,260 मतांचा निसटता विजय. 2024 मध्ये त्याच उमेदवाराला, तीच तक्रार असताना, 93,338 मतं मिळाली. जवळपास दुप्पट!

तक्रार तर गेली नव्हती. मग बदललं काय? एक म्हणजे नाराज मतदाराला जायला ठिकाण उरलं नाही. पहिल्या तिघांपलीकडे मोठा गठ्ठा कुणाकडेच गेला नाही. दुसरं, समोरची मतं दोन ठिकाणी वाटली गेली. काँग्रेसचे महेश गणगणे 74,487 वर थांबले आणि वंचितचे दीपक बोडके 34 हजारांच्या वर गेले. या दोघांची बेरीज भारसाकळेंपेक्षा जास्त होते.

माझ्या मते या दोन निकालांतला खरा फरक इथे आहे. अकोटमध्ये वंचित मैदानात होती, अकोला पश्चिममध्ये तिचा उमेदवार नव्हता. पक्षात किती राग आहे, यावर आपण फेसबुकवर तासन् तास बोलतो. त्या रागाची किंमत मात्र समोरची मतं एका जागी आहेत की दोन जागी, यावर ठरते. अकोल्याच्या राजकारणात हे नवीन नाही. 2024 च्या लोकसभेतही अनुप धोत्रे 40 हजारांच्या फरकाने जिंकले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांच्या वर मतं होती.

प्रायमरी घेतली तर भांडण मिटेल का?

हा प्रयोग विदर्भात झालाय. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहावरून काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मतदान सामान्य लोकांचं नव्हतं, पदाधिकारी आणि स्थानिक लोकप्रतिनिधींचं होतं. वर्ध्यात खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे विरुद्ध प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस अशी लढत झाली. मेघे जिंकले.

मुख्य निवडणुकीत ते भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. मोदी लाट होती, त्यामुळे दोष एकट्या प्रायमरीला देता येत नाही. गंमत पुढे आहे. काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. प्रायमरी हरलेल्या टोकस काँग्रेसमध्येच राहिल्या आणि 2019 मध्ये त्यांनाच वर्ध्याचं तिकीट मिळालं. पक्ष सोडला तो जिंकणाऱ्याने!

अमेरिकेत हरणाऱ्याला बांधून ठेवण्यासाठी कायदेच आहेत. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाकडून उभं राहता येत नाही. उमेदवार बांधला जातो, मतदार नाही. 2016 मध्ये बर्नी सँडर्स यांना प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे 12 टक्के लोकांनी नंतर ट्रम्प यांना मत दिलं, असं एका मोठ्या सर्वेक्षणात दिसलं. पण बाकीचे बहुतेक हिलरी क्लिंटन यांच्याकडेच गेले.

आपल्याकडे तसा कायदा नाही. यादीत नाव नसलं तर दुसऱ्या दिवशी अपक्ष अर्ज भरता येतो किंवा दुसऱ्या पक्षाचा एबी फॉर्म जोडता येतो. म्हणून यादी येते त्या रात्रीच्या राजीनाम्यांच्या पोस्टवरून काही ठरवू नका. थांबायचं ते अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंत. 2024 मध्ये तो 4 नोव्हेंबर होता. अलीमचंदानींचा अर्ज त्या संध्याकाळी कायम होता आणि वंचितचा उमेदवार बाहेर पडला होता. अकोला पश्चिमची लढत बदलली होती, मतदानाला अजून सोळा दिवस होते.